टाकीतलं स्पिरिट

सापगावात कुणी शेखरला विचारलं, "काय रे, तू कंपनीत करतोस तरी काय?" तर तो सांगायचा, "डांबराला थंडी वाजवून बघतो." विचारणारा हसायचा आणि शेखर त्याच्याहून जास्त हसायचा. हे उत्तर त्यानं घोटून तयार ठेवलेलं होतं. चारचौघांत हशा पिकवायची एकदा चटक लागली की जिभेला लगाम राहत नाही, असं त्याची आई हौसा म्हणायची. पण आईचं ऐकून शहाणा झालेला मुलगा सापगावात तरी अजून कुणी पाहिलेला नाही.

तसं त्याचं उत्तर खोटं नव्हतं. वाशिंदच्या पुढं, हायवेपासून जरासं आत, रस्त्याचं सामान तपासणारी एक खाजगी लॅब होती. खडी, सिमेंट, डांबर, सगळं तिथं यायचं. शेखर डांबराच्या खोलीत टेक्निशियन होता. डांबर उन्हात पातळ होतं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वैशाखात मुरबाड रस्त्यावर चप्पल चिकटून पायातून निघते. पण हेच डांबर बर्फाच्या मुलखात गेलं की कडक होतं, आकसतं, आणि चांगल्या गुळगुळीत रस्त्याला आडव्या भेगा पडतात. म्हणून तिकडं जाणारं डांबर आधी इथं तपासायचं. ज्यानं जन्मात बर्फ पाहिलेला नाही अशा माणसाच्या हातून!

काम मोठं मजेचं होतं. डांबर तापवून साच्यात ओतायचं, चिक्कीच्या पट्टीएवढी पट्टी पाडायची, आणि ती स्पिरिटनं भरलेल्या टाकीत बुडवायची. टाकी उणे अठरा अंशांवर. तिथं पाणी चालत नाही, त्याचा बर्फ होईल. स्पिरिट मात्र तेवढ्या गारठ्यातही पातळ राहतं. पट्टी पुरती गारठली की तिच्या मधोमध वजन ठेवायचं, आणि ती किती वाकते ते यंत्र मोजायचं. जी थोडी वाकून भार सोसते ती पास. जी ताठ राहते ती उद्या रस्त्यावर तडकणार. "माणसासारखंच हाय," शेखर नव्याने आलेल्यांना सांगायचा, "जो वाकत नाय तो फुटतो." हेही घोटलेलंच.

त्या वर्षी पौषात टाकीच्या झाकणाची बिजागरी तुटली. झाकण खाली पडलं आणि त्याला चीर गेली. नवं झाकण परदेशातून यायचं होतं, म्हणजे कधी यायचं ते देवालाच माहीत. टाकी दिवसरात्र चालू ठेवावी लागायची, कारण बंद केली तर परत गार व्हायला अर्धा दिवस जायचा. आणि रात्रभर उघडी ठेवली तर गारवा उडून जायचा. लॅबचे मॅनेजर प्रणित सर कल्याणचे, वयानं शेखरएवढेच. त्यांनी थर्माकोलचा तुकडा कापून बसवायला लावला. तो वाकडा कापला गेला आणि चहूबाजूंनी फटी राहिल्या.

शेखर नुकताच म्हशाची जत्रा करून आला होता. आमच्या भागातला माणूस म्हशाला गेला आणि घोंगडी न घेता परतला, तर घरी त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. शेखरनं चांगली दाट विणीची काळी घोंगडी आणली होती. त्याच्या मनात आलं, घोंगडीतून पाऊस आत येत नाही आणि ऊब बाहेर जात नाही. जी ऊब धरते ती गारवा का धरणार नाही? बर्फवाला नाही का लादी गोणपाटात गुंडाळत? त्यानं दुसऱ्या दिवशी घोंगडी लॅबमध्ये नेली, घडी करून थर्माकोलवर घातली, आणि झोपलेल्या पोराच्या अंगाखाली गोधडी खोचावी तशा तिच्या कडा फटींतून आत खोचल्या. सकाळी बघतो तर टाकी उणे अठरावर ठाम! प्रणित सरांनी फोटो काढला आणि पुण्याच्या हेड ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. "देसी जुगाड" म्हणून सगळ्यांनी अंगठे दाखवले. शेखर हरभऱ्याच्या झाडावर चढला तो काही दिवस उतरलाच नाही.

आणि मग टाकीतलं स्पिरिट कमी व्हायला लागलं.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. थोडं उडतंच, वरून भर घातली की झालं. पण पुढं रोज सकाळी पातळी खाली गेलेली दिसू लागली. एक कॅन संपला, दुसरा संपला. पातळी खाली गेली की पट्टी जेमतेम बुडते. काटा उणे अठरा दाखवतो, पण पट्टीला तेवढी थंडी लागतच नाही, आणि न लागलेल्या थंडीत कुठलंही डांबर शहाण्यासारखं वाकतं. शेखरला हे कळत होतं. तो घाईघाईनं भर घालायचा, आणि भर घालायच्या आधी तपासून झालेल्या पट्ट्यांचा विचार करायचा नाही.

एका दुपारी चहाला सगळे जमले होते. खडीच्या खोलीतले, सिमेंटच्या खोलीतले, ऑफिसातल्या दोघी. प्रणित सर हातात रिकामा कॅन घेऊन आले. "शेखर, हा पण संपला? पिता की काय तुम्ही लोकं?"

ते थट्टेत बोलले. सगळे हसले. पण टाकी शेखरची होती, म्हणून ते हसू त्याच्याकडं तोंड करून आलं. हशा पिकवणाऱ्याला आपल्यावरचा हशा सोसत नाही. त्याला तो दुसरीकडं वळवायचा होता, एवढंच. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं, असं तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला.

"आमी नाय पीत सर," तो बोलला. "पन आमच्या आधी सकाळी लॅब उघडून झाडायला रामू येतो." इथं थांबला असता तरी चाललं असतं. तो थांबला नाही. "पाड्यावरची मानसं. सवय असते."

रामू तिथंच होता, दाराशी, चहाचे रिकामे कप उचलत. वयानं शेखरपेक्षा बराच मोठा, काटक, कमी बोलणारा. मुरबाड रस्त्याला आत जंगलालगत आदिवासी पाडा आहे तिथला. पूर्वी तो प्यायचा, हे खरं होतं, आणि ते त्यानं कधी लपवलंही नव्हतं. त्याची बायको जिवली एकदा पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती. तेव्हा रामूनं पाड्यावर भजनाला येणाऱ्या बुवांकडून तुळशीची माळ घातली, मासळी-मटण सोडलं, दारू सोडली, आणि मग जिवली परत आली. लॅबमधल्या सगळ्यांना ही हकीकत माहीत होती. शेखरला तर रामूनंच सांगितली होती. त्याला तो "शेखरभाऊ" म्हणायचा.

रामूनं कप खाली ठेवले. शर्टाच्या गळ्यातून बोटानं माळ बाहेर काढून दाखवली. "मी पीत नाय, साहेब. माळ हाय माझी."

आणि शेखरच्या जिभेवर ते आयतं आलं. "माळ गळ्याच्या भायेर असते, रामू. आत काय जातं ते माळेला कुठं दिसतं?"

असा हशा त्यानं आयुष्यात पिकवला नव्हता. ऑफिसातल्या एकीला ठसका लागला. प्रणित सर भिंतीला टेकून हसले. रामूही हसला. सगळे हसत असताना एकट्यानं न हसण्याची हिंमत फार थोड्यांत असते. हसत हसतच त्यानं माळ आत टाकली आणि कप उचलले.

हसणं ओसरल्यावर प्रणित सरांना जबाबदारी आठवली. ते कारखान्याचं स्पिरिट, पोटात गेलं तर आंधळा होईल, मरेल, आणि मग कुणाच्या गळ्यात पडेल? त्यांनी रामूला आतल्या झाडलोटीवरून काढून बाहेर खडीच्या ढिगांवर पाणी मारायला लावलं, आणि गेटवरच्या धर्माला सांगितलं की संध्याकाळी हा सुटला की याचं तोंड हुंगत जा. "त्याच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. शेखरनंही मान डोलावली. भल्याचं नाव घेतलं की कुठलीही गोष्ट गळ्याखाली उतरते.

धर्मा कसाऱ्याचा, तिथून रोज यायचा. रेल्वेतून रिटायर झालेला, गरीब स्वभावाचा माणूस. पहिल्या दिवशी तो लाजला. रामूला बाजूला नेऊन हळूच म्हणाला, "जरा हा कर." पण संध्याकाळी अंगठा लावायच्या मशीनपुढं सगळ्यांची रांग असायची, आणि रांगेतून कुणीतरी ओरडायचंच, "धर्माकाका, माळेला इचारा!" मग धर्मालाही चेव आला. तो डोळे मिटून, नाक फेंदारून हुंगायचा, दोन्ही हात हलवून पास असं दाखवायचा, आणि रांग खिदळायची. काही दिवसांनी तर रामूला सांगावंही लागेना; आपली पाळी आली की तो धर्मापुढं थांबायचा आणि तोंड उघडायचा.

शेखरला मात्र तो आता "शेखरभाऊ" म्हणत नव्हता. "साहेब" म्हणायचा.

रामू बाहेर गेला तरी स्पिरिट कमी होतच राहिलं. इथं शेखरच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकलीही असेल, पण त्यानं तिला बोलू दिलं नाही. चावी गेटवर असते, सकाळी लवकर येऊन आत शिरत असेल. एकदा सवय लागलेला माणूस सुटतो का? चूक आपल्या अंगावर येईल असं दिसलं की माणसाचं डोकं केवढं चालतं! तेच आधी चाललं असतं तर काय हवं होतं.

फाल्गुनात एका शनिवारी त्यानं घोंगडी उन्हात घालायला घरी आणली. धुळीनं मळली होती, आणि लॅबला रविवारची सुट्टी. सकाळी हौसाबाईनं ती अंगणातल्या दोरीवर टाकायला उचलली आणि उचलता उचलता थांबली. कोपरा नाकाशी नेला. परत नेला.

"शेखर, हिकडं ये."

शेखर दात घासत बाहेर आला. आईचा चेहरा उतरला होता. गावात दारूपायी बुडालेली घरं तिनं पाहिली होती, त्यातलं एक तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

"तू प्यायला लागलास काय रे?"

"काय बोलतेस आये? नाय गो."

हौसाबाईनं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "नाय बोलतोस ना, मंग नाय." घोंगडी दोरीवर टाकली आणि चुलीवर भात ठेवायला आत गेली.

शेखर तिथंच उभा राहिला. तोंडात फेस तसाच. आईनं त्याचं तोंड हुंगलं नव्हतं. शपथ घातली नव्हती. तो एकदा नाही म्हणाला आणि ते पुरलं. रामूही एकदा नाही म्हणाला होता. माळ काढून दाखवली होती, सगळ्यांसमोर, आणि वर हसायलाही लागलं होतं त्याला. शेखरचे कान तापले.

मग तो दोरीपाशी गेला आणि त्यानं स्वतः घोंगडी हुंगली. मधे नुसता लोकरीचा वास होता. स्पिरिटचा वास होता तो फक्त कडांना, ज्या तो रोज फटींतून आत खोचायचा त्या कडांना.

सोमवारी संध्याकाळी त्यानं रोजच्यासारखी घोंगडी खोचली, आणि मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन उचलायच्या आधी टाकीमागं वाकून बघितलं. घोंगडीची आतली कड स्पिरिटमध्ये बुडालेली होती, आणि बाहेरचं टोक मागल्या बाजूला लोंबत होतं, ओलंचिंब. समईतल्या वातीला तेल चढतं तसं स्पिरिट कडेला चढत होतं आणि टोकाशी उतरत होतं, टाकी गार ठेवणाऱ्या यंत्राच्या गरम जाळीवर पडून तिथल्या तिथं वाळत होतं. पावसाचं पाणी घोंगडी घेत नाही. पण स्पिरिट म्हणजे काही पाऊस नव्हे, ते लोकरीत सहज मुरतं. रोज सकाळी घडी घालताना ती ओल त्याच्या हाताला लागत होती, आणि तो तिला गारव्यानं सुटलेलं दंव समजत होता. त्या खोलीत सगळंच स्पिरिटच्या वासाचं, वेगळा वास येणार कसा?

त्यानं प्रणित सरांना सगळं सांगितलं. सरांनी डोकं धरलं. "म्हणजे तेवढ्या दिवसांचे सगळे रिझल्ट गेले!"

सरांचं एक मात्र मानायला हवं, त्यांनी लपवालपवी केली नाही. राखून ठेवलेलं डांबर काढलं, पट्ट्या परत पाडल्या, टाकी काठोकाठ भरून परत तपासल्या. त्यात एका डोंगरातल्या रस्त्याचं डांबर होतं. आधी ते पास झालेलं, आता खरी थंडी लागल्यावर ताठ उभं राहिलं, वाकेना. ते त्या थंडीत तडकलंच असतं. सरांनी ज्यांचं डांबर होतं त्यांना फोन केला, तपासणीत आमची चूक झाली म्हणून माफी मागितली, जुना रिपोर्ट रद्द करून नवा पाठवला.

"आणि रामूचं काय सर?"

"त्याला घे ना परत आत, उद्यापासून. विषय संपला." सर कीबोर्डवरून मान वर न करता म्हणाले, "आता परत सगळ्यांना गोळा करून कशाला वाढवायचं? त्यालाच ऑकवर्ड होईल."

डांबराची माफी मागून झाली. रामूची राहिली.

रामू परत आत झाडायला लागला. परत का घेतलं, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. धर्मालाही हुंगणं थांबव म्हणून कुणी सांगितलं नाही, कारण थांबव म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते चालूच राहिलं. संध्याकाळ झाली की शेखर हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन उभा राहायचा. नळ सोडून ठेवायचा. गेटवरचा खिदळण्याचा आवाज थांबला की नळ बंद करून बाहेर यायचा. आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं दिवस काढले. रोज घरी आई ताट वाढायची, आणि रोज त्याला वाटायचं की हिला कळलं तर ही आपल्याकडं कशी बघेल.

शेवटी एका रविवारी तो मोटरसायकल काढून रामूच्या पाड्यावर गेला. वाटभर त्यानं वाक्यं जुळवली. गाडी टेकडीखाली लावून वर चढला. रामू अंगणात घराच्या कुडाच्या भिंतीसाठी कारवीच्या काठ्या सोलत बसला होता, जिवली ओट्याशी तांदूळ पाखडत होती. शेखरला बघून रामू घाईनं उठला, हात पुसत जवळ आला, आणि शेखर काही बोलायच्या आधी त्यानं मान वर करून तोंड उघडलं.

बायकोसमोर. स्वतःच्या अंगणात. सवयीनं.

मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं तोंड मिटलं. शेखरची जुळवलेली सगळी वाक्यं गेली. त्याची नजर रामूच्या गळ्याकडं गेली. गळा मोकळा होता.

"रामूदादा," तो बोलला. त्याला दादा म्हणायची ही पहिलीच वेळ. "चूक माझी होती. माझी घोंगडी स्पिरिट ओढत होती. तुमचा काय संबंध नव्हता. मला समजून पन लय दिवस झालं."

जिवलीच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हंजे हा पीत नव्हता?"

"नाय, वयनी."

"मी काढली माळ ह्याची," जिवली म्हणाली. "बाजारात मला एक बाई बोलली, तुझ्या घोवाची माळ गळ्याच्या भायेर, आत काय जातं ते माळेला नाय दिसत. हसत होती. मला वाटलं, शिकलेली मानसं खोटं कशाला बोलतील? ह्यो बोलत होता, जिवले, नाय गो, नाय गो. मी आयकलं नाय. बुवांना बोलावलं न् माळ उतरवली. रोज सांजच्याला मीपन त्याचं तोंड हुंगते."

ते वाक्य सापगावच्या शेखरचं होतं. त्याच्या आधी ते इथवर पोचलं होतं. त्याला वर बघवेना.

"जाऊ दे गो," रामू म्हणाला. "साहेब घरी आलंत. च्या ठेव."

"ठेवते की च्या," जिवली म्हणाली, पण हलली नाही. "पन मला येवढं सांगा साहेब. तुमी बोललात ते चारचौघांत बोललात. आन् परत घ्यायला हितं आलात, डोंगरात, जिथं कुनी आयकायला नाय. असा कसा न्याव तुमचा?"

तिनं मग दिलेला कोरा चहा पिऊन शेखर टेकडी उतरला. चहा नको म्हणायचीही त्याची छाती झाली नाही.

सोमवारी संध्याकाळी तो मोरीत गेला नाही. रांग लागली होती, प्रणित सरही गाडीची चावी फिरवत उभे होते. रामू रांगेत पुढं होता. शेखर गेटपाशी जाऊन सगळ्यांकडं तोंड करून उभा राहिला.

"ऐका जरा. मला सांगायचं हाय. रामूदादा स्पिरिट पीत नव्हता. ते माझी घोंगडी पीत होती."

रांग खो खो हसली. "घोंगडीला पन चटक लागली काय रे?" मागून कुणी ओरडलं. "तिची माळ कुठं हाय?" शेखर बोलतोय म्हणजे हसायचं, हे त्यानंच इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. फक्त रामू हसत नव्हता. या वेळी तो हसला नाही.

"हसू नका," शेखर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला आणि मग रांग गप्प झाली. "मी खोटं बोललो. मला काय म्हाईत नव्हतं तरी मी ह्याचं नाव घेतलं, आन् पाड्यावरचा म्हनून घेतलं. टाकी माझी, घोंगडी माझी, चूक माझी. ह्यानं थेंब घेतला नाय. आता कुनी ह्याला हुंगायचं नाय."

प्रणित सर चावीकडं बघत राहिले. धर्मानं कान खाजवला आणि रामूला वाट दिली. "जा रे बाबा, जा."

रामू गेला नाही. तो धर्मापुढं रोजच्या जागी थांबला. मग धर्माला सोडून शेखरपाशी आला आणि त्यानं तोंड उघडलं.

"नको, रामूदादा," शेखर म्हणाला.

"इतकं दिस ह्यानं हुंगलं," रामू म्हणाला, "पन बोललात ते तुमी. तुमी कवा हुंगलंत नाय. आज हुंगा."

सगळे बघत होते. शेखर पुढं झाला, मान वाकवली, आणि रामूच्या तोंडाशी नाक नेलं.

"कसला वास येतो?"

"चहाचा," शेखर म्हणाला. दुपारी सगळ्यांनी प्यायलेला, लॅबचाच चहा.

"मोठ्यानं सांगा, साहेब. मागच्यांना नाय ऐकू गेलं."

शेखरनं रांगेकडं तोंड केलं. त्यानं आवाज चढवला.

"चहाचा वास येतो!"